खाटेखालची दुसऱ्यांची ट्रंक

आमच्या अलिबागच्या घरात आजीच्या खाटेखाली एक हिरवी पत्र्याची ट्रंक होती आणि ती आमची नव्हती. हे मला अगदी लहानपणापासून माहीत होतं, स्वतःचा पत्ता पाठ व्हायच्या आधीपासून. तिच्यावर बसायचं नाही, तिला पाय लावायचा नाही, पाण्याचा तांब्या वर ठेवायचा नाही. का, तर ती दुसऱ्यांची आहे.

दुसरे म्हणजे इस्राएल आळीतलेच आमचे शेजारी. ते साठच्या दशकाच्या शेवटी इस्रायलला गेले. तेव्हा आळीतून लोक जातच होते, आज ह्यांच्या दाराला कुलूप तर उद्या त्यांच्या. विमानात वजनाची मर्यादा, त्यामुळे निघताना भांडीकुंडी काही विकली काही वाटली, आणि ही ट्रंक आणि एक मोठं तांब्याचं घंगाळ आजीकडे ठेवलं, वर्षा-दोन वर्षांत कोणीतरी येऊन नेईल म्हणून. कोणी आलं नाही. आधी पत्रं यायची, मग तीपण थांबली.

ज्यांना आमच्याबद्दल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्यात सांगतात की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, सामान पोथ्या सगळं समुद्रात गेलं, आणि त्या चौदा जणांपासून आम्ही. मग गावोगाव तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायला लागले. गावावरून आडनावं पडली, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत, आणि सिनेगॉगला आजीच्या पिढीतले लोक मशीद म्हणायचे.

तर ती ट्रंक. दर वर्षी नव्याचा सण झाला की दरफाळणीच्या आधी, म्हणजे बाकीचे ज्यू ज्याला योम किप्पूर म्हणतात त्या उपासाच्या आधी, चांगलं ऊन बघून आजी ती ट्रंक ओढून बाहेर काढायची. आत एक जरीची नऊवारी, दोन चादरी आणि जुन्या पंच्यात गुंडाळलेलं हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक. साडी झटकून, घडी मोडून, उलटी घडी घालायची म्हणजे जर घडीवर चिरत नाही. चादरी दोरीवर. आणि पुस्तक मांडीवर घेऊन एकेक पान उलटायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आजीला हिब्रू वाचता येत नव्हतं, एक अक्षर नाही. फक्त पानं उलटायची, कसर लागलीय का बघायची, फुंकर मारायची, पुढचं पान. पूर्ण दुपार जायची त्यात. मग लिंबाचा पाला घालून सगळं परत आत. घंगाळ चिंचेने घासून लख्ख करायची आणि पुन्हा उपडं ठेवून द्यायची.

आमच्याकडे कार्य असलं की मोठी भांडी शेजारून मागून आणायचे. मी एकदा विचारलं की आपल्याकडे एवढं मोठं घंगाळ आहे ते का नाही घेत, कोणाला कळणार आहे. आजी रागावली नाही, फक्त म्हणाली, त्यांनी ठेवायला दिलंय, वापरायला नाही दिलेलं.

आजी गेली, मग अलिबागचं घर गेलं, आम्ही ठाण्याला आलो आणि टेम्पोत आमच्या सामानाबरोबर ती ट्रंक आणि घंगाळ पण आलं. आईने खाटेखाली ठेवलं.

लॉकडाऊनमध्ये मी तालमूद वाचायला घेतला, म्हणजे रब्बींच्या, आमच्या धर्मपंडितांच्या, कायद्यावरच्या चर्चांचा जुना ग्रंथ. सेफारिया म्हणून साईट आहे तिथे सगळं इंग्लिश भाषांतरासकट फुकट वाचता येतं. मी काही विद्वान वगैरे नाही, आमच्या घरात कोणीच नव्हतं, पण वेळ होता आणि मनात होतं की ज्या धर्मात जन्मले त्याची मोठी पुस्तकं एकदा तरी स्वतः उघडून बघावी. मालमत्तेच्या कायद्याचे तीन भाग आहेत, त्यांना पहिला दरवाजा, मधला दरवाजा, शेवटचा दरवाजा अशी नावं आहेत. मी मधल्या दरवाज्यापासून सुरुवात केली, बाबा मेत्सिया, कारण कोणीतरी म्हणालं होतं की मुलांना पण तिथूनच सुरू करतात. आणि त्याच्या दुसऱ्या अध्यायात मला माझी आजी भेटली.

तिथे लिहिलंय की एखाद्याला पुस्तकाची गुंडाळी सापडली, तर मालक मिळेपर्यंत तीस दिवसांतून एकदा त्याने ती वाचावी म्हणजे तिला हवा लागेल, आणि वाचता येत नसेल तर उलगडून परत गुंडाळावी. वाचता येत नसेल तर! मी ते वाक्य तीनदा वाचलं. कपडा सापडला तर तीस दिवसांतून एकदा झटकावा आणि पसरावा, पण कपड्याच्या गरजेसाठी, आपली शोभा दिसावी म्हणून नाही. आणि पुढे गेमारात, म्हणजे त्या कायद्यावरच्या चर्चेत, म्हटलंय की कोणी तोराची, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथाची, गुंडाळी आपल्याकडे ठेवायला दिली असेल तर ती बारा महिन्यांतून एकदा उलगडावी, उलगडली की वाचली तरी चालेल, पण स्वतःसाठी म्हणून उलगडायची नाही.

बारा महिन्यांतून एकदा. मी उठून आईला सांगायला गेले आणि सांगता सांगता रडले.

आता इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे कारण आमच्यातले काही लोक अशा वेळी लगेच म्हणतात बघा परंपरा कशी टिकली. आजीला हे तालमूदमधून मिळालेलं असणं शक्य वाटत नाही. आमच्या पूर्वजांकडे कोकणात कित्येक शतकं तालमूद नव्हताच, शब्बाथ होता, सुंता होती, शमा ही एक प्रार्थना होती, खाण्याचे काही नियम होते. बाकीचं नंतर शिकवलं गेलं. आणि आळीबाहेर हिंदू मुसलमान घरांतसुद्धा दुसऱ्याची ठेव अशीच सांभाळणाऱ्या बायका होत्या, मी पाहिल्यात. त्यामुळे आजी तिच्या ठिकाणी आणि ते रब्बी त्यांच्या ठिकाणी, दोघांच्या मध्ये हजारो मैल आणि दीड-दोन हजार वर्षं, आणि तरी दोघांनी एकच केलं, हेच मला जास्त मोठं वाटतं.

तोपर्यंत मला वाटायचं की धर्मात दुसऱ्याच्या वस्तूबद्दल एकच वाक्य आहे, चोरी करू नको, दहा आज्ञांमधलं, संपला विषय. गंमत म्हणजे रब्बी लोक म्हणतात ती आज्ञा वस्तूंबद्दल नाहीच, ती माणूस पळवून नेण्याबद्दल आहे, आणि पैशाच्या वस्तूच्या चोरीबद्दल वेगळं वाक्य तोरातल्या लेवीय ह्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. आणि न चोरणं ही तर फक्त सुरुवात आहे. तोरातल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात म्हटलंय, तुझ्या भावाचा बैल किंवा मेंढरू भरकटलेलं दिसलं तर परत नेऊन दे, तो जवळ राहत नसेल किंवा तुला माहीत नसेल तर आपल्या घरी आणून ठेव तो शोधत येईपर्यंत, त्याच्या गाढवाचं तसंच कर, कपड्याचं तसंच, जे जे त्याचं हरवेल त्याचं तसंच. आणि शेवटी हिब्रूत तीन शब्द आहेत, लो तुखल लेहितआलेम. तुला न पाहिल्यासारखं करता येणार नाही. करू नको असं नाही, करताच येणार नाही असं. निर्गम पुस्तकात तर शत्रूच्या बैलाबद्दल आहे, तुझ्या वैऱ्याचा बैल चुकलेला दिसला तरी त्याच्याकडे परत ने. ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याच्या दारात त्याचा बैल घेऊन जायचं म्हणजे निदान एक वाक्य तरी बोलावं लागणार ना. मला वाटतं ते पण त्यात धरलंय.

आणि सांभाळायचं कसं ह्यावर इतकं बारीक लिहिलंय की वाचताना त्या लोकांची घरं दिसायला लागतात. जे जनावर काम करून खातं त्याच्याकडून काम करून घ्या आणि खायला घाला, जे नुसतं खातं ते विकून पैसे जपून ठेवा, नाहीतर मालक येईपर्यंत चाऱ्याचाच खर्च जनावराच्या किमतीवर जाईल. चांदीची तांब्याची भांडी सापडली तर भांड्याला बरं म्हणून वापरा पण झिजवू नका. सोन्याची आणि काचेची असतील तर हातच लावू नका, एलियाहू येईपर्यंत, म्हणजे जो एक दिवस परत येणार असं मानतात तो संदेष्टा. दुसरीकडे, कोणी धान्य ठेवायला दिलंय आणि ते खराब व्हायला लागलंय तर काय, ह्यावर वाद आहे. एक मत, हात लावू नका. रब्बान शिमोन बेन गमलिएल म्हणतात, न्यायालयासमोर विका म्हणजे मालकाचं काहीतरी वाचेल. पण हात लावू नका म्हणणाऱ्यांचं कारण एक रब्बी काय देतात, की माणसाला स्वतःचं एक माप दुसऱ्याच्या नऊ मापांपेक्षा जास्त आवडतं. किती खरं आहे. त्या साडीच्या पैशात तिघींना नव्या साड्या आल्या असत्या, पण ती साडी ती साडी आहे.

हनीना बेन दोसा म्हणून एक अत्यंत गरीब रब्बी होते. त्यांच्या दारात कोणीतरी कोंबड्या विसरून गेला. ते बायकोला म्हणाले, अंडी खाऊ नका. मग अंड्यांतून पिल्लं, पिल्लांच्या कोंबड्या, घरभर नुसता त्रास, शेवटी त्या विकून शेळ्या घेतल्या. पुढे कधीतरी तो माणूस त्याच वाटेने आला आणि सोबत्याला म्हणाला, इथेच कुठेतरी मी कोंबड्या ठेवल्या होत्या. रब्बींनी ओळख विचारली, पटली, आणि त्याला शेळ्या दिल्या. मला ह्यात सगळ्यात जास्त त्यांची बायको दिसते, त्या घरात खायला नव्हतं आणि समोर अंडी.

एलियाहूबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे कारण तो आमचा. म्हणजे एलियाहू सगळ्या ज्यूंचाच आहे पण बेने इस्राएलांचा तो घरचा माणूस आहे. लग्न ठरलं, मूल झालं, नवस फेडायचा, नवीन घर, काहीही असो, मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं, आणि एलियाहू हनाबीचं गाणं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे तिथे त्याच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण आहे असं आमचे लोक मानतात, तू बिश्वत ह्या झाडांच्या सणाला तिथे जातात, जुने लोक त्याला एलियाहू हनाबीचा उरूस म्हणायचे. मी लहानपणी दर वर्षी गेलेय. माझ्यासाठी एलियाहू म्हणजे मलिदा, तो खडक आणि नवसाला पावणारा. तो हरवलेल्या वस्तूंचा पण कोणीतरी आहे हे मला चाळिशीनंतर कळलं.

मिश्नात, म्हणजे तालमूदमधल्या मूळ कायद्याच्या भागात, एक खटला आहे. दोघांनी एकाच माणसाकडे पैसे ठेवायला दिले, एकाने शंभर आणि दुसऱ्याने दोनशे. परत घ्यायला आले तेव्हा दोघंही म्हणतात दोनशे माझे. ठेवून घेणाऱ्याला आठवत नाही. निकाल असा की दोघांना शंभर शंभर द्या, उरलेले शंभर एलियाहू येईपर्यंत तसेच पडू द्या. त्यावर रब्बी योसे म्हणतात, मग लबाडाचं काय गेलं? त्याचे शंभर तर त्याला मिळाले. सगळेच तीनशे पडू द्या एलियाहू येईपर्यंत. म्हणजे तो येऊन सांगेल हे कोणाचं ते, आणि तोपर्यंत कोणीही, अगदी न्यायाधीशानेसुद्धा, अंदाजाने कोणाच्या पदरात टाकायचं नाही.

आणि हे काम एलियाहूकडे का आलं, तर कायद्याचं सांगायचं तर तो येऊन सगळ्या शंका मिटवणार अशी समजूत आहे, पण मला त्याच्या पहिल्या गोष्टी आठवतात. बायबलमधल्या राजे पुस्तकातला नाबोथ. अहाब राजाच्या वाड्याशेजारी नाबोथचा द्राक्षमळा होता, राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. नाबोथ म्हणाला ही माझ्या वाडवडिलांची जमीन, नाही देणार. राजा तोंड फिरवून पलंगावर पडला, जेवेना. मग राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून नाबोथला दगडांनी मारवलं आणि राजा मळा ताब्यात घ्यायला खाली उतरला. तिथे त्या मळ्यात त्याच्यासमोर जो येऊन उभा राहिला तो एलियाहू. तू खून केलास आणि वर ताबापण घेतलास? एका साध्या माणसाच्या जमिनीसाठी राजाला असं तोंडावर विचारणारा माणूस, त्याच्या नावावर ती सोन्याची भांडी आणि ते तीनशे ठेवलेत. कोकणात गेल्या तीस-चाळीस वर्षांत जमिनींचं काय झालं, शेजारच्याने बांध कसा सरकवला, सातबारा कसा फिरला हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. अनुवादमध्ये शेजाऱ्याची हद्दीची खूण सरकवू नको असं वेगळं सांगितलंय आणि जो सरकवतो त्याला सगळ्या लोकांसमोर शाप आहे.

सगळंच मला पटलं असं नाही. हरवलेली वस्तू परत करायच्या आज्ञेत भाऊ असा शब्द आहे, मग भाऊ म्हणजे फक्त इस्राएली का, परक्याची वस्तू परत करायलाच हवी का, असली चर्चा तालमूदमध्ये आहे आणि ती वाचताना मला त्रास झाला. आम्ही इतकी शतकं परक्यांमध्ये राहिलो आणि त्यांनी आम्हाला कधी परकं मानलं नाही, माझ्यासारखीला ते वाचवतच नाही. पण त्याच पुस्तकांमध्ये उलट बाजू पण तितकीच जोरात आहे. तोसेफ्तात, म्हणजे मिश्नाच्या पुरवणीत, स्पष्ट म्हटलंय की परक्याला लुबाडणं हे स्वकीयाला लुबाडण्यापेक्षा भारी पाप, कारण त्यात देवाचं नाव मळतं. आणि शिमोन बेन शेताह ह्यांची गोष्ट. ते फार कष्टात दिवस काढायचे, म्हणून शिष्यांनी एका परक्या व्यापाऱ्याकडून त्यांच्यासाठी गाढव घेतलं. गाढवाला मौल्यवान रत्न अडकलेलं निघालं. शिष्य खूश, आता तुम्हाला कष्ट नकोत. ते म्हणाले, मी गाढव विकत घेतलंय, रत्न नाही घेतलं. आणि परत दिलं. कायद्याने काय चालतं हा प्रश्न त्यांना पडलाच नाही, तो व्यापारी आपल्या देवाबद्दल काय म्हणेल एवढंच त्यांनी बघितलं. मी ह्या गोष्टीच्या बाजूने आहे.

छोट्या चोरीबद्दल एक आहे ते मनातून जात नाही. नोहाच्या वेळचा जलप्रलय का आला, तर एक रब्बी म्हणतात त्या पिढीने सगळी पापं केली पण निकालावर शिक्का बसला तो लुटीमुळे. आणि लूट कशी, तर मिद्राशमध्ये, म्हणजे बायबलवरच्या रब्बींच्या जुन्या लिखाणात, वर्णन आहे, एखादा माणूस दाण्यांनी भरलेली टोपली घेऊन यायचा आणि प्रत्येक जण येऊन त्यातून थोडे थोडे उचलायचा, एका परुतापेक्षा कमी किमतीचे. परुता म्हणजे सगळ्यात लहान नाणं. त्याच्यापेक्षा कमी किमतीसाठी न्यायालयात जाता येत नाही. प्रत्येकाने कायद्यात बसेल एवढंच घेतलं आणि टोपली रिकामी झाली. मी एका ऑफिसात सतरा वर्षं काम केलंय आणि ही टोपली मी रोज रिकामी होताना पाहिलीय. कागदाची रिमं, रिक्षाची बिलं, दुसऱ्याच्या डब्यातली पोळी, दुसऱ्याने केलेलं प्रेझेंटेशन. मी पण हात घातलाय त्यात.

वस्तू न घेता पण चोरी होते हे मला तिथेच पहिल्यांदा नीट कळलं. गेनेवात दाअत, म्हणजे मनाची चोरी. एखादा जेवणार नाही हे पक्कं माहीत असताना त्याला जेवायला चल जेवायला चल असा आग्रह करू नये, कारण फुकटात त्याचे आभार घेतले. आणि मिश्नात दुकानदाराबद्दल आहे की घ्यायचं नसेल तर हे केवढ्याला असं विचारू नये. मागच्या दिवाळीत मी एका दुकानात मिक्सर बघायला गेले, त्या मुलाने चार खोके उघडून दाखवले, जार लावून चालू करून दाखवला, अर्धा तास माझ्यामागे उभा होता, आणि मी आधीच ठरवलेलं होतं की बघायचं इथे आणि मागवायचं ऑनलाईन. सहाशे रुपये वाचले. तो मुलगा दरवाज्यापर्यंत आला होता सोडायला. मिश्ना वाचून हे आठवलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं आणि नंतर प्रेशर कुकर त्याच दुकानातून घेतला, पण तो मुलगा तिथे नव्हता. योम किप्पूरबद्दल जे म्हटलंय ते असंच, देवाशी झालेल्या चुका त्या दिवशी मिटतात, माणसाशी झालेल्या मिटत नाहीत जोवर त्या माणसाला जाऊन मनवत नाही.

तेलाचं एक सांगते मग ट्रंककडे येते. शेवटच्या दरवाज्यात लिहिलंय की दारू किंवा तेल मापून ओतल्यावर विकणाऱ्याने माप तसंच धरून आणखी तीन थेंब गिऱ्हाइकाच्या भांड्यात पडू द्यावे. फुटकळ विकणाऱ्या दुकानदाराला एवढी सक्ती नाही, त्याला दिवसभर मापत राहायचं असतं. आणि रब्बी यहूदा म्हणतात, शुक्रवारी अंधार पडत आला असेल तर थेंबांसाठी थांबू नका, कारण शब्बाथ सुरू होतोय. शनिवार तेल्यांच्या घरात जन्मलेल्या मुलीला ह्या ओळीवर किती वेळ थांबावंसं वाटलं असेल ते सांगता येत नाही. घाणा थांबतोय, दिवा लावायची वेळ, आणि मापाच्या काठावर तीन थेंब.

तर ट्रंक. जुन्या काळी यरुशलेममध्ये एक दगड होता, ज्याला काही सापडलंय तो तिथे येऊन पुकारा करायचा आणि ज्याचं हरवलंय तो येऊन खूण सांगायचा. तिथलं मंदिर पडल्यावर लोक सिनेगॉगमध्ये पुकारा करायला लागले. मी व्हॉट्सॲपवर केला. आमच्या लोकांचे ग्रुप आहेत, ठाणे, मुंबई, इस्रायलमधलं अश्दोद, दिमोना, लोद सगळीकडचे लोक त्यात. मी लिहिलं, अलिबागच्या इस्राएल आळीत ठेवलेली एक ट्रंक आमच्याकडे आहे, ज्यांची असेल त्यांनी आत काय आहे ते सांगावं. आत काय ते मुद्दाम लिहिलं नाही, नियमच आहे तसा, खूण मालकाने सांगायची.

मला वाटलेलं कोणी उत्तरच देणार नाही. पहिल्या दोन दिवसांत तिघांनी दिलं आणि तिघांचीही ट्रंक वेगळी होती. एकांच्या ट्रंकेत पितळी समई आणि शिलाई मशीनचं सामान होतं, एकांनी पेणला ठेवली होती, अलिबागला नव्हेच. कोणी लबाडीने बोलत नव्हतं. तेव्हा जाणवलं की जाताना कितीतरी घरांनी कोणाकोणाकडे काय काय ठेवलं असेल, आणि ते सगळे आपापली खूण पन्नास वर्षं मनात घेऊन बसलेत.

चौथा मेसेज दिमोनाहून एका मुलीचा, तिने आजीला विचारून लिहिलं होतं. मग व्हिडिओ कॉल केला. त्या मावशी आता ऐंशीच्या जवळ, मराठी अस्सल आळीतली आणि मध्येमध्ये हिब्रू. साडीचा रंग त्यांनी जांभळा सांगितला. ट्रंकेतली साडी हिरवी आहे. आई माझ्याकडे बघायला लागली. घंगाळ आठवत होतं पण घंगाळ सगळ्यांकडेच असायचं. मी काही बोलले नाही, मनात म्हटलं आता हे पण राहणार एलियाहू येईपर्यंत. मग त्या म्हणाल्या, अगं पुस्तक असेल बघ त्यात, पप्पांचं. शेवटच्या पानावर मी पेन्सिलीने पाढा लिहिलेला, सतराचा, आणि पप्पांनी बघितलं, प्रार्थनेच्या पुस्तकात पाढे लिहितेस म्हणून मला मारलं होतं.

मी पुस्तक आणलं. हिब्रू पुस्तकाचं शेवटचं पान म्हणजे आपण ज्याला पहिलं म्हणू ते. पेन्सिल फिकी झालेली पण होतं. सतरा सत्तेपर्यंत येऊन थांबलेला पाढा. आजीने ते पान दर वर्षी उलटलं होतं, मराठी आकडे तिला येत होते, तिने ते नक्की वाचलं असणार आणि आम्हाला कोणाला कधी बोलली नाही.

मी फोन त्या पानावर धरला. बराच वेळ तिकडून आवाज आला नाही.

साडी, चादरी आणि पुस्तक दोन महिन्यांनी एका नातेवाइकाबरोबर गेलं, साडी कोणाची जांभळी कोणाची हिरवी तो विषय परत निघाला नाही. राहिलं घंगाळ. ते बॅगेत मावणार नव्हतं आणि वजन तर विचारूच नका. मावशी म्हणाल्या राहू दे तुमच्याकडेच.

आईने फोन माझ्या हातातून घेतला. म्हणाली, ताई, एक स्पष्ट विचारते, राग मानू नका. ठेवायला देताय की दिलंत?

दिलं गं, त्या म्हणाल्या. वापरा.

मागच्या आठवड्यात भाच्याच्या बारशाच्या मलिद्याला पोहे भिजवायला मोठं भांडं हवं होतं. आईने चिंच काढली, घंगाळ घासलं, आणि पहिल्यांदाच ते उलटं ठेवायच्या ऐवजी सरळ ठेवून त्यात पाणी ओतलं.